आनंदीबाई जोशी : निघण्याआधीचे दिवस



स्मरणिकेच्या संपादक मंडळानं प्रत्येकाकडून काहीतरी मागवलं. कुणाकडून सरांच्या आठवणी, कुणाकडून कविता, कुणाकडून सहलीचे फोटो. माझ्या वाट्याला एका थोर व्यक्तीचं चरित्र आलं, आणि ती व्यक्ती डॉ. आनंदीबाई जोशीच असावी असंही परस्पर ठरवून टाकलं. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत मी त्यांच्यावर बोलले होते आणि बक्षीस म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला होता, हे ज्यानं कुणी लक्षात ठेवलं त्याला माझा नमस्कार. डबा अजून आहे. भाषण मराठीच्या बाईंनी लिहून दिलेलं होतं, ते मात्र एक वाक्यही आठवत नाही.

म्हणून सगळं पुन्हा वाचलं. आणि या वेळी वाचताना माझं लक्ष भलतीकडेच गेलं. पदवी, सत्कार, अकाली मृत्यू हे आपल्याला पाठ आहे. मी अडकले ती त्याच्या आधी, निघण्यापूर्वीच्या दिवसांत. त्याला कारण आमच्या घरातलं आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी अंबाजोगाईतच वाढली, इंजिनीअर झाली, आणि तिला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीत प्रवेश मिळाला. ऑक्टोबरपासून वर्ग सुरू. प्रवेशाचं पत्र आलं त्याच आठवड्यात एक स्थळही आलं. मुलगा तिकडेच नोकरीला, तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेला, निर्व्यसनी, पत्रिका जुळणारी. मंगल कार्यालयात एक तारीख रिकामी झाली होती, कुणाचं तरी लग्न मोडलं म्हणून. बहिणीनं मला न्यू जर्सीला फोन केला. म्हणाली, पोरगी ऐकत नाही, तू समजाव. तूही तशीच गेलीस ना?

हो, मी तशीच गेले. तुमच्यापैकी बरेच जण जेवायला होते, म्हणून तपशील सांगत नाही. जानेवारी १९९४. सोमवारी बघणं, बुधवारी सुपारी, आणि पुढच्या शुक्रवारी लग्न. पत्रिका छापायला वेळ नव्हता, भावानं सायकलवर फिरून आमंत्रणं केली. नवरदेव एकवीस दिवसांच्या रजेवर होते, त्यातले नऊ दिवस मुली बघण्यात गेलेले. मी बी. एस्सी. च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षा देऊन जा, असं सगळेच म्हणाले आणि ते खोटं बोलत होते असंही नाही. पण एप्रिलमध्ये पासपोर्टची पोलीस चौकशी, विवाह नोंदणीचा दाखला, मुंबईला व्हिसाची मुलाखत हे सगळं एकावर एक आलं आणि परीक्षा त्यात बुडाली. पुढे तिकडे मला बायको म्हणून राहायची परवानगी होती, नोकरी करायची नव्हती. एच-फोर व्हिसा म्हणतात त्याला. अकरा वर्षांनी मी पुन्हा शिकायला लागले. संसार चांगला झाला. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, फक्त तो हॉल तिकिटाचा कागद मी अजून का ठेवला आहे ते मला सांगता येत नाही.

आपल्या गावाला तर घाईच्या लग्नाचं काही विशेष वाटायला नको. आपली योगेश्वरी मुळात कोकणातली. परळीच्या वैद्यनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड इथवर आलं, मुहूर्त टळला, वऱ्हाडी दगडाचे झाले आणि देवी इथंच राहिली, ही गोष्ट आपण हत्तीखान्यात डबे खाताना ऐकलेली. मुहूर्त चुकला की काय होतं याचा एवढा ढळढळीत पुरावा गावात उभा असताना आपल्या आया धास्तावतात यात नवल नाही.

आता आनंदीबाई. चरित्रात अहोजाहो करायची रीत आहे, पण घरून निघाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, माझ्या भाचीहून लहान. म्हणून मी एकेरीत लिहिते. गोपाळरावांना मात्र सवयीनं अहोजाहो करते आहे, हे माझ्याच लक्षात आलं आहे. राहू दे.

ती जन्मली ३१ मार्च १८६५ ला. माहेरचं नाव यमुना, कल्याणच्या जोशी घराण्यातली. एकेकाळचं जमीनदार घर, पण तेव्हा उतरती कळा लागलेली. बरोबर नऊ वर्षांनी, ३१ मार्च १८७४ ला, तिचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, टपाल खात्यात कारकून, विधुर, वयानं सुमारे वीस वर्षांनी मोठे. विधवेशी पुनर्विवाह करायचा अशी त्यांची इच्छा होती, ती पार पडली नाही. तेव्हा त्यांनी मुलीच्या वडिलांना एक अट घातली : मी हिला शिकवणार, त्याला कुणी आडवं यायचं नाही. हुंडा, मानपान, पंगती याच्या वाटाघाटी आपल्याला ठाऊक आहेत. ही एकच अट मी वेगळी ऐकली. पण ती अट दोन पुरुषांमध्ये ठरली होती. शिकायचं आहे का, हे त्या नऊ वर्षांच्या मुलीला विचारल्याचं कुठं दिसत नाही. तिचं नावही लग्नात बदललं, यमुनेची आनंदी झाली.

आठवीतल्या भाषणात बाईंनी गोपाळरावांना देवमाणूस केलं होतं, एवढं पुसट आठवतं. ते देवमाणूस नव्हते. हट्टी, तऱ्हेवाईक, भांडखोर होते. एरवी नवरे बायकोला स्वयंपाक बिघडला म्हणून मारायचे, हे अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून मारायचे. ती लहान होती आणि ते मारत होते हे तिनं पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात त्यांना स्पष्ट ऐकवलं आहे. पण त्यांच्याशिवाय ती शिकली नसती, हेही त्याच पत्रांतून दिसतं. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक गाळून चरित्र सांगता येतं असं मला आता वाटत नाही.

अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. बायकोला घेऊन ते रस्त्यानं फिरायला जात, तिला शाळेत घालत, आणि लोक गॅलरीतून बघत, टोमणे मारत. चौदाव्या वर्षी ती बाळंत झाली. मुलगा झाला, दहा दिवस जगला. नीट उपचार मिळाले असते तर वाचला असता असं तिला वाटत राहिलं. बाईनं बाईला तपासावं यासाठी आपणच डॉक्टर व्हायचं, हे तिच्या मनात तिथून पक्कं होत गेलं. इथून पुढचा हट्ट तिचा आहे. लग्न इतरांनी ठरवलं होतं, जाणं हळूहळू तिचं झालं.

पण जायचं कसं? कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं की मदत होईल, पण आधी ख्रिस्ती व्हा. दोघांनी नाही म्हटलं. वाइल्डरनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला आणि विषय तिथंच मिटायचा. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. समोर पडलेलं मासिक त्यांनी चाळलं आणि हे पत्र वाचलं. १८८० सालची गोष्ट. दवाखान्यातली जुनी मासिकं चाळण्यानं कुणाचं भलं झाल्याचं मला माहीत असलेलं हे एकमेव उदाहरण. कार्पेंटरबाईंनी आनंदीला पत्र लिहिलं, आणि मग पत्रं सुरूच राहिली. सण, जेवण, कपडे, बालविवाह, धर्म, सगळ्याबद्दल. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली.

मी रोझेलपासून चाळीस मिनिटांवर राहते. पहिली बारा वर्षं मला हे माहीतच नव्हतं.

पुढे बदली बंगालमध्ये झाली, कलकत्ता आणि मग श्रीरामपूर. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, हुगळीकाठचं. तब्येत तोवर ढासळू लागली होती. ताप, डोकेदुखी, कधी धाप. कार्पेंटरबाई अमेरिकेतून औषधं पाठवत होत्या, त्यांचाही उपयोग होत नव्हता. आधी दोघांनी मिळून जायचा विचार होता. पण दोघांच्या प्रवासाचे पैसे नव्हते, आणि गोपाळरावांवर म्हातारे आईवडील आणि धाकटे भाऊ अवलंबून होते. तेव्हा त्यांनी ठरवलं की तिनं एकटीनं जावं. ती सहज तयार झाली नाही. एकटी बाई, आजारी, समुद्रापार. त्या काळी समुद्र ओलांडला की पुरुषालाही प्रायश्चित्त चुकत नसे.

गावात बभ्रा झाला. सनातनी चिडले. मिशनरी म्हणत होते, ख्रिस्ती होऊन जा. शेवटी तिनं लोकांसमोर उभं राहायचं ठरवलं. २४ फेब्रुवारी १८८३, श्रीरामपूर कॉलेजचा हॉल, समोर देशी आणि युरोपियन श्रोते, सगळे तिच्याहून मोठे. ती इंग्रजीत बोलली. लोक पाठीमागे जे प्रश्न विचारत होते ते सहाच्या सहा तिनं स्वतःच मांडले आणि एकेक सोडवत गेली. अमेरिकेला कशाला? इथं शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईनं केलं नाही ते तूच का?

मी हे भाषण तीनदा वाचलं. ती आवाज चढवत नाही. पहिल्याला ती सांगते की या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत. दुसऱ्याला सांगते की इथं जे थोडंफार शिकवतात ते अपुरं आहे, आणि शाळेत पायी जाताना रस्त्यावर आपली कशी टिंगल झाली तेही सांगते. एकटी का, तर घरची जबाबदारी आणि पैसा. इतकं सरळ. जातीबाहेर टाकण्याबद्दल ती म्हणते की मी हिंदू म्हणून जाणार, हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्यातच राहणार, खाणं आणि नेसणं बदलणार नाही. एवढं करूनही वाळीत टाकायचंच असेल तर आत्ताच टाका, परत येईपर्यंत कशाला थांबता? बरंवाईट कुठंही होऊ शकतं. आणि कुणी केलं नाही म्हणून आपणही करायचं नाही, हे तिला पटत नाही.

या सहांपैकी पाच प्रश्न मी गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर वाचले आहेत. वाळीत टाकण्याचा तेवढा राहिला.

आणि मला आपल्या वर्गाची आठवण झाली. नववीत दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा मुलींच्या शेवटच्या बाकावर कुणीच नव्हतं. तिघींची लग्नं दसऱ्याआधी उरकली होती, कारण मुकादमाची उचल जोडप्याला मिळते, एकट्याला नाही. एक जोडपं म्हणजे एक कोयता. त्या गेल्या साखर कारखान्यावर, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. आम्ही त्याला परदेश म्हणत नव्हतो, पण पाचटाच्या कोपीत पंधराव्या वर्षी संसार मांडणाऱ्या मुलीला तो काय वेगळा वाटला असेल? त्यांनाही कुणी काही विचारलं नव्हतं. आपल्या मेळाव्याच्या यादीत त्या तिघींची नावं मला दिसली नाहीत. संपादक मंडळाला विनंती की दहावीची यादी न धरता नववीची धरावी.

भाषणानंतर वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, देशभरातून मदत आली. ७ एप्रिल १८८३ ला सिटी ऑफ कलकत्ता या बोटीनं ती निघाली. सोबतीला मिशनरी बायका होत्या. भाषणापासून बोटीपर्यंत जेमतेम सहा आठवडे. ४ जूनला न्यू यॉर्कला उतरली. कार्पेंटरबाई धक्क्यावर आल्या होत्या. उन्हाळाभर रोझेलला त्यांच्या घरी राहून ऑक्टोबरमध्ये तिनं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिक्षण सुरू केलं. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी तिला आपलं म्हटलं.

नेसण्याखाण्याचा शब्द तिनं पाळला आणि तो तिला महाग पडला असावा. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिकडच्या थंडीत ते जमेना, म्हणून ती गुजराती पद्धतीचं पायघोळ लुगडं नेसू लागली. एवढीच सवलत तिनं स्वतःला दिली. मांसाहार केला नाही. पहिल्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर घालून आतून गरम केलेल्या घरात कुडकुडत होते, त्यामुळे तिचा हिवाळा मला कळतो असं म्हणायची माझी हिंमत नाही.

तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे, १८८५ सालचा. तीन विद्यार्थिनी आपापल्या वेशात : आनंदी लुगड्यात, जपानची केई ओकामी किमोनोत, सीरियाची साबात इस्लामबूली तिच्या पेहरावात. आपल्या अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या गेटवर हा फोटो मोठा करून लावावा असं मला फार वाटतं. ग्रामीण भागातलं आशियातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, तिथं रोज सकाळी सायकलवरून जाणाऱ्या मुलींनी तो बघावा.

११ मार्च १८८६ ला तिला एम. डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोचले होते, आणि वाटेत व तिथं अमेरिकन लोकांना चार शब्द सुनवणारी व्याख्यानंही देत होते. त्यांचा स्वभाव बोटीत बसून बदलला नव्हता. कोल्हापूर संस्थाननं तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख नेमलं. पण क्षयानं तिला तोवर पुरतं धरलं होतं. नोव्हेंबरमध्ये मुंबईला उतरली, कोल्हापूरला रुजू होताच आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बाविसावं पूर्ण व्हायला महिना होता. तिनं एकही रुग्ण आपल्या देशात डॉक्टर म्हणून तपासला नाही.

रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. त्यांनी ती पकिप्सी या गावी आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवली. मागच्या वर्षी मी नवऱ्याला तिथं गाडी न्यायला लावली, दोन तासांचा रस्ता. साधा दगड आहे, नाव, पदवी, साल, आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री एवढा मजकूर. आम्ही बरोबर नेलेली शेवंती ठेवली. परतीच्या रस्त्यावर नवऱ्यानं अचानक विचारलं, तुझी परीक्षा नेमकी किती तारखेला होती? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मला तारीख पाठ होती.

बहिणीचा फोन आला तो त्यानंतर दोन महिन्यांनी. मुलगा चांगलाच आहे, मीही त्याच्याशी बोलले. भाची म्हणते की मला तो नको असं नाही, पण मी आधी माझ्या नावावर जाते, वर्षभर शिकते, मग दोघांना वाटलं तर बघू. तिच्या नावावर म्हणजे विद्यार्थिनी म्हणून. हा एका शब्दाचा फरक मला व्हिसाच्या कागदावर तेव्हा कुणी दाखवला नव्हता. लग्न सोळा दिवसांवर आणायचं तर तिचं सामान, बँकेची कामं, राहायची जागा, यातलं काय मागे पडणार हे मी अनुभवानं सांगू शकते. म्हणून मी समजावलं, पण भाचीला नाही, बहिणीला. माझ्या एप्रिलची सगळी हकिगत तिला सांगितली. आश्चर्य म्हणजे तिला ती माहीतच नव्हती. तेव्हा ती अकरावीत होती आणि तिला एवढंच आठवत होतं की ताई विमानात बसली.

बहीण बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, कार्यालयाचे दहा हजार गेले. म्हटलं, मी देते. पुन्हा गप्प. मग हळूच विचारलं, तिकडे ज्वारी मिळते का.

मी म्हटलं, न्यू जर्सीत मिळते. जर्मनीचं तिला विचार, तिनं बघून ठेवलं असेल.